उजवीकडचा स्पीकर

डोंगरकडा,
रविवार, दुपार

प्रिय धम्मानंदराव यांस दाजींचा सप्रेम जय भीम.

तुमची, ऐश्वर्याबाईंची आणि लेकराची तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो. पुण्याच्या हवेनं तुम्हाला दर महिन्याला सर्दी होते, तेवढी सोडून. इकडं आम्ही दोघं बरे आहोत. (बरे म्हणजे कसे, ते पुढं येईलच.) फोन असताना पत्र काहून, असं तुमच्या मनात येईल. एक तर माझी तीस वर्षं टपालं वाटण्यात गेली आणि एवढ्या काळात मला स्वतःला लिहायला सवड झाली नाही. दुसरं, फोनवर बोलायला गेलो की तुमच्या अक्का बाजूला येऊन उभ्या राहतात.

तर तुम्ही नवीन संच घेतल्यावर जुना आमच्याकडं पाठवला, तो पोचला. पाच स्पीकर, एक पोटुशा म्हशीसारखा मोठा, नुसता धमधम करणारा डबा, अ‍ॅम्प्लिफायर, डीव्हीडी प्लेअर आणि नमुन्याची एक सीडी. खोक्यावर लिहिलं होतं की आवाज चहूबाजूंनी येतो. मला तेच नवल वाटलं. आवाज एका बाजूनं येतो आणि आपण मान वळवतो, एवढंच मला साठ वर्षं माहीत. चहूबाजूंनी आला तर माणसानं मान वळवायची कुठं?

जोडणीला मी शेजारच्या जळबाला बोलावलं. जळबा लग्नाला मंडप आणि भोंगे देतो, त्यामुळं आवाजातलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं म्हणणं. त्यानं लाल आणि पांढऱ्या टोकाची वायर खुपसली, सीडी लावली, आणि घरात असा आवाज सुरू झाला की मालन, म्हणजे तुमच्या अक्का, अंगणातून पळत आली. "तेल उतू गेलं का?" म्हणाली. नुसतं चर्रर्र. ना गाणं, ना शब्द. जळबानं सीडी शर्टाला पुसून पुन्हा लावली, पुन्हा चर्रर्र. "सीडी बाद हाय दाजी, फेका," म्हणून तो चहा पिऊन गेला.

मी काही फेकली नाही. सोबतचं इंग्रजी पुस्तक घेऊन बसलो. (पाकिटावरचे पत्ते वाचून वाचून माझं इंग्रजी बरं आहे, फक्त जरा मोठा मजकूर आला की मी पिनकोड शोधायला लागतो.) दोन दिवसांनी उलगडलं. त्या सीडीत गाणं गाण्यासारखं भरलेलंच नव्हतं. सहा जागचे सहा आवाज आकड्यांत गुंडाळून एकत्र बांधले होते. ते सोडवायचं काम अ‍ॅम्प्लिफायरचं. आमचा प्लेअर ते आकडेच आवाज समजून वाजवून राहिला होता. आकडे तसेच अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत न्यायला केशरी टोकाची एकच वायर लागते. ती खोक्यात असल्याचं मला आठवत होतं. सापडली हळदीच्या पोत्याच्या तोंडाला, मालननं गच्च गाठ मारलेली. पोतं सोडू द्यायला तिनं एक सुतळी घेतली आणि बऱ्याच शिव्या दिल्या.

ती वायर लावली आणि धम्मानंदराव, काय सांगू! ढोल समोर, बासरी डावीकडं, आणि पाठीमागून कुणी टाळ्या वाजवल्या तर मी खरंच उठून दार बघून आलो. त्याच नादात अ‍ॅम्प्लिफायरवर तपासणीचं बटन दिसलं. ते दाबलं की एकेका स्पीकरमधून आळीपाळीनं फक्त 'शूं' येतं. मधोमध खुर्ची टाकून मालनला बसवलं, डोळे मिटायला लावले आणि आवाज येईल तिकडं बोट दाखव म्हटलं.

डावा वाजला, तिनं डावीकडं बोट केलं. मधला वाजला, डावीकडं. उजवा वाजला, तरी डावीकडं. जळबा म्हणाला वायरी उलट्या झाल्यात. बदलल्या. पुन्हा डावीकडं. स्पीकर बदलले, भिंती बदलल्या, तीन दुपारी गेल्या. मी चिडून म्हणालो, मुद्दाम करून राहिलीस का? ती म्हणाली, "मला जिथून येते तिथंच बोट दाखवून राहिले मी."

शेवटी मी तिची खुर्चीच दाराकडं फिरवली. 'शूं' सुरू झालं. तिनं पुन्हा आपल्या डाव्या हाताला बोट केलं. तिकडं आता नुसती भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर. जळबा हसायला लागला. मला हसू आलं नाही. मी बटन बंद केलं, तिच्या उजव्या बाजूला गेलो आणि हळूच तिचं नाव घेतलं. ती डोळे मिटून तशीच बसलेली.

माझी बाज चुलीच्या उजवीकडं असते. दोन वर्षं मी तिथून हाका मारून राहिलो आणि ही ओ देत नाही म्हणून रुसून राहिलो. मागच्या पोळ्याला तर मी आठ दिवस अबोला धरला. (तिला तो कळलाच नव्हता.)

"कवापासून?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली. कान फुटला व्हता पावसाळ्यात."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं व्हतं. तुमी टीव्ही बघून राहिले व्हते."

दुसऱ्याच दिवशी नांदेडला गेलो. डॉक्टर म्हणाले, पडद्याला भोक आहे, ऑपरेशन केलं तर बरंच ऐकू येईल. संच छान चालतो आहे, काळजी नसावी. तुम्हा तिघांचीही आठवण येते.

तुमचा दाजी,
मुंजाजी

ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्याची चार आहे, आणि अक्का नाही म्हणून बसल्यात. "एका कानानं भागून राहिलं," म्हणतात. त्या फक्त तुमचं ऐकतात. संच दुरुस्त करायला आलो असं सांगून तुम्ही तीन तारखेला या. स्पीकर मी बिघडवून ठेवतो. यातलं अक्षर तिला कळू देऊ नका.

ता.क. २. धम्मा, मी अक्का लिहून राहिले. ह्यायचा गुडघा दुखते म्हणून पाकीट पेटीत टाकायला माझ्याजवळच दिलं. वाचलं. तीन तारखेला ये, खोटं बोलायचं काम न्हाई, मी ऑपरेशन करून घेते. बाकी सगळं ह्यायनी बराबर लिहिलं. डॉक्टरापुढं रडलं कोन, तेवढं लिहिलं न्हाई.