झाडं जवळ आण

कांदिवली (पूर्व),
१८ जानेवारी १९८७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. बाबांचा डबा आता मीच करते. डबा कसा झाला होता यावर ते संध्याकाळी एक अक्षर बोलत नाहीत, यावरून काय ते समज. आईला सांग, कुळथाचं पीठ पोचलं.

पाय कसा आहे? खरा नव्हे, डॉक्टरांनी बनवून दिलेला. आई लिहिते की तो अजून खोक्यातच आहे आणि तू दिवसभर ओटीवर हायवेकडे पाठ करून बसतोस. मी उपदेश करणार नाही. उपदेश केला की तू जास्तच हट्टाला पेटतोस, आणि ते आपलं खानदानी आहे.

दादा, मी एका भांडणात पडलेय. आमच्या मरोळच्या वर्कशॉपमध्ये व्हिडिओ गेमची यंत्रं दुरुस्तीला येतात, ते तुला माहीतच आहे. आता चंद्रप्रकाश शेठच्या मनात आलंय की मे महिन्यात बोरिवलीच्या आनंदमेळ्यात मोटारींच्या शर्यतीचा स्वतःचा खेळ लावायचा. बाहेरचं यंत्र परवडत नाही, म्हणून एक घरगुती संगणक, त्याला रंगीत टीव्ही, आणि भंगारातल्या गाडीचं स्टिअरिंग. प्रोग्रॅम विद्याधर लिहितो, वायरिंग आणि चाचणी माझ्याकडे. विद्याधर हुशार आहे, पण त्याची गाडी पळतच नाही रे! पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा येतो, शंभर, दोनशे. शेठ म्हणाले मजा येत नाही, तर त्याने आकडा तीनशे केला. गाडी आपली जागच्या जागी.

मी हे बोलून दाखवलं तर सगळे हसले. विद्याधर म्हणाला की आपला संगणकच बैलगाडी आहे, त्याला तो तरी काय करणार. शेठ म्हणाले की मुलींना गाडीतलं काय कळतं. मग मी सगळ्यांसमोर सांगून बसले की याच संगणकावर मी गाडी पळवून दाखवते. आता माझी वाट लागली आहे, कारण मला गाडीतलं खरंच काही कळत नाही. ज्याला कळतं असा एकच माणूस मला ठाऊक आहे, म्हणून त्याला विचारते. वेग कशाने जाणवतो? आकड्याने नाही, एवढं कळलं. मग कशाने?

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो रागाच्या दिवसांतही असू दे.

तुझी,
प्रेमा

---

कसाल,
२ फेब्रुवारी १९८७

चि. प्रेमास आशीर्वाद.

पत्र मिळालं. आईची तब्येत बरी आहे.

हे तू मला विचारतेस? आरे कॉलनीच्या रस्त्यावर माझ्या मोटरसायकलला म्हैस आडवी आली, त्याला अजून वर्ष झालेलं नाही. गुडघ्याखाली काही उरलं नाही माझं. बाबा त्यावर एवढंच म्हणतात की तू उडवत गेला नसतास तर. आणि आता तू विचारतेस, वेग कशाने जाणवतो. वा!

तुझ्या विद्याधरला विचार. मला या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. पुन्हा लिहू नकोस.

सहदेव

---

कांदिवली,
१४ फेब्रुवारी १९८७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालास म्हणून लिहितेय.

घरात सगळे तुझ्याशी हळू आवाजात बोलतात. आई बोलते, बाबा बोलतात, कुंदामावशीसुद्धा तुझं नाव निघालं की आवाज खाली आणते, तू जणू शेजारच्या खोलीत झोपला आहेस. मला ते जमत नाही. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आलास तेव्हा तू आधी गाडीचं काय झालं ते विचारलंस, पाय नंतर. बाबांना ते लागलं. मला बरं वाटलं होतं, कारण तू तूच होतास. तुझा पाय गेला, पण तुला जे येत होतं, कळत होतं, ते कुठे गेलं? ते तुझ्याकडेच आहे, आणि तू ते खोक्यात घालून ठेवलं आहेस. आता राग आला तर येऊ दे.

इकडची खबर अशी की मी रस्त्यावर पांढरे पट्टे काढले आणि ते जोरात पळवले. छान वाटलं. मग हावरटपणा करून आणखी जोरात पळवले, तर पट्टे उलटे जायला लागले! पडद्यावर खरंच तसं होतं. एका मर्यादेपलीकडे डोळा फसतो आणि गाडी रिव्हर्समध्ये गेल्यासारखी दिसते. शेठ म्हणाले की झकास, आता खेळाचं नाव परतीचा प्रवास ठेवू. सगळं वर्कशॉप हसलं. मी नाही हसले, पण रडलेही नाही, हे आईला सांग.

माझ्यावर लोभ करायचा की नाही ते तू ठरव, मी मात्र करणार.

तुझी,
प्रेमा

---

कसाल,
९ मार्च १९८७

चि. प्रेमास अनेक आशीर्वाद.

तुझ्या उलट्या पट्ट्यांनी माझं डोकं खाल्लं. आधी राग आला, मग जेवताना एकदम हसू फुटलं. आईने विचारलं, तर म्हटलं ठसका लागला. दुसऱ्या दिवशी खुर्ची फिरवली आणि हायवेकडे तोंड करून बसलो. तुझ्यासाठी नव्हे, पट्ट्यांसाठी.

ओटीवरून काही कळलं नाही. बाहेरून बघताना नुसती गाडी जाते, वेग जाणवत नाही. मग शेजारच्या राजारामच्या ट्रकमध्ये बसून कणकवलीला गेलो. चढायला तो पाय लावावा लागला. टोचतो मेला. असो. केबिनमध्ये उंचावर बसलो होतो, काटा साठवर होता, आणि मला जांभया येत होत्या. येताना माल उतरला होता म्हणून मागच्या फळीवर खाली बसलो, रस्त्याला लागून. तेव्हा काटा चाळीसवरही नसेल, पण मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून ठेवली. तर पहिलं हे, की खेळणाऱ्याचा डोळा खाली आण. तुम्ही बहुतेक झाडाच्या शेंड्यावरून रस्ता दाखवत असाल.

दुसरं, झाडं जवळ आण. लांबचा डोंगर हलत नाही, मधली शेतं सावकाश सरकतात, कडेचा मैलाचा दगड मात्र सपकन जातो. मोकळ्या माळावर साठने जा, झोप येईल. आरेच्या झाडांमधून चाळीसने जा, मान आपोआप खाली जाते. रस्ता अरुंद कर आणि झाडं इतकी जवळ आण की खांदा चोरावासा वाटेल.

आवाजाचं म्हणशील तर इंजिन एकाच सुरात ठेवू नकोस, कानाला तो ऐकूच येईनासा होतो. गिअर बदलला की आवाज खाली पडला पाहिजे आणि पुन्हा चढला पाहिजे. त्या चढण्यातच सगळी गंमत आहे. आणि सारखं जोरात पळवू नकोस. वळणावर अडव, चिडव, मग सोड. आधी कोंडलं नाही तर सुटल्यासारखं वाटणार कसं?

आता शेवटचं. हे मी कोणाला बोललो नाही. वेग म्हणजे सावरायला किती वेळ उरला आहे ते. त्या दिवशी माझा काटा पन्नासच्या पुढे नव्हता. कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून सांगणं सोडून दिलं. पण वळण संपलं आणि म्हैस समोर होती. वेळच नव्हता. तेव्हा तुझं वळण उशिरा दिसू दे. माणसाला वेळ कमी दे, आकडा काहीही असो.

बाबांना यातलं सांगू नकोस. आई म्हणते की पोरीला जपून राहायला सांग. मी सांगत नाही.

तुझा,
दादा

---

कांदिवली,
१२ एप्रिल १९८७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पळाली! दादा, गाडी पळाली!

विद्याधर आधी म्हणाला की एवढी झाडं या संगणकाला पेलणार नाहीत. मग मी एकच झाड तीन आकारांत काढलं, लहान, मध्यम आणि मोठं. ते तीन उड्यांत लांबून जवळ येतं आणि पडद्याबाहेर जातं. थांबवून बघितलं तर अगदी पोरखेळ वाटतो, पण पळताना उड्या दिसतच नाहीत, झाड अंगावर येतं. रस्त्याची नजर खाली आणली, वळण उशिरा उघडलं. गिअरचा आवाज मी चार दिवस कानाशी धरून बसवला, बाबांना वाटलं माझे कान दुखतात.

शेठ खेळायला बसले. वळण आलं की ते खुर्चीतल्या खुर्चीत कलायचे, आणि हातातला चहा विद्याधरच्या शर्टावर. खेळ संपल्यावर म्हणाले की फस्क्लास, आता कोपऱ्यात तीनशेचा आकडा टाक, पब्लिकला आकडा लागतो. मी नाही म्हटलं. आकडा दिसला की माणूस रस्ता सोडून आकडा वाचतो, आणि वेग तिथेच मरतो. शेठ म्हणाले की दुकान कोणाचं आहे. मी म्हटलं दुकान तुमचं आहे, रस्ता माझा आहे. ते तरातरा बाहेर गेले. विद्याधर ओला शर्ट झटकत बसला आणि प्रोग्रॅममधून आकड्याची ओळ त्याने स्वतःच पुसून टाकली. संध्याकाळी शेठ परत आले, आणखी दोनदा खेळले आणि आकड्याचं नाव काढलं नाही.

पण घरी वाईट झालं. कुंदामावशीने कौतुकाने बाबांना सांगितलं की प्रेमा मोटारी उडवायचा खेळ करतेय. बाबा जेवले नाहीत. म्हणाले की उद्यापासून कामावर जायचं नाही. मी म्हटलं की जाणार. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं. तेव्हापासून अबोला आहे. डबा नेतात, आणि रिकामा आणतात.

तुझा लोभ आहे म्हणून इतकं तरी केलं.

तुझी,
प्रेमा

---

।। श्री ।।

कांदिवली,
२० एप्रिल १९८७

चि. सहदेव यास अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष लिहिण्यास कारण की तुझी बहीण माझे ऐकत नाही. गिरणी बंद पडली तेव्हा मी डगमगलो नाही, हे तू पाहिले आहेस. पण तुला रक्तात पाहिले त्या दिवसापासून रस्त्यात गाडीचा आवाज मोठा झाला तरी माझ्या छातीत धडकी भरते. आणि या मुलीने त्याचाच खेळ मांडला. लोकांची पोरे त्यावर हसणार, ओरडणार. तू तिला समजाव, तुझे ती ऐकेल.

दुसरे असे की तू आता मुंबईला येण्याचा विचार करू नये. हायवेलगत आपल्या जागेत लहानसे दुकान घालून देण्याचे मनात आहे. बसून करण्याचे काम आहे. आई जवळ आहे. तुला काही कमी पडणार नाही.

प्रकृतीस जपावे.

तुझा,
काशीराम

---

कसाल,
२७ एप्रिल १९८७

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती पदराने डोळे पुसत चुलीकडे गेली. मला मात्र बोलायला हवं.

प्रेमाला मी समजावणार नाही. त्या खेळातला रस्ता मी सांगितला आहे, झाडं मी सांगितली आहेत. रागवायचं तर माझ्यावर रागवा. तुम्हाला वाटतं ती माझ्या दुखण्याचा खेळ करते. बाबा, वर्षभरात मला दुखतं का हे सगळ्यांनी विचारलं. मला काय येतं हे तिने एकटीने विचारलं.

माझा पाय गेला, रस्ता गेला नाही. दुकान राजारामच्या भावाला द्या, त्याला गरज आहे. मी बसून करायचं काम करणार नाही. डॉक्टरांचा पाय लावून मी रोज एस. टी. स्टँडपर्यंत जातो. आधी राजारामचा खांदा लागायचा, आता तो शेजारून नुसता बडबडत चालतो.

मी १४ मेला निघतो आहे. बोरिवलीच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. मला अडवायला यायचं असेल तर बोरिवलीच्या स्टँडवर उभे राहा. घ्यायला यायचं असेल तरी तिथेच.

चुकून काही उणं लिहिलं असेल तर क्षमा, पण शब्द मागे घेत नाही.

तुमचा,
सहदेव

---

कांदिवली,
१७ मे १९८७

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पोचलो. बाबा स्टँडवर उभे होते. अडवायला की घ्यायला, ते त्यांनाही ठाऊक नसावं. माझी चाल बघत राहिले, मग पुढे होऊन बॅग घेतली. घरी येईपर्यंत फक्त उकाड्याविषयी बोलले.

काल आम्ही तिघं आनंदमेळ्यात गेलो. हो, तिघं. प्रेमाने बाबांना सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतःच इस्त्रीचा सदरा काढला. आकाशपाळणा, फुग्यांवरची बंदूक, सगळीकडे कर्णे, आणि शेठच्या तंबूपुढे ही रांग! प्रेमा पट्टा लावलेल्या चाव्या घेऊन हुकूम सोडत होती. तू ओळखली नसतीस.

मी बसलो. पेडल उजव्या पायाने दाबायचं, आणि तो पाय लाकडाचा. किती दाबलं ते पायाला कळेना. मग आवाज ऐकला. इंजिन किती चढलंय त्यावरून पाय सांभाळला. पहिल्या वळणाला आपटलो. दुसऱ्यांदा निघालो आणि आई, ती झाडं आली. दोन्ही बाजूंनी, अंगावर, एकामागून एक. ती त्या मुलीने काढलेली हिरवी ठिगळं आहेत हे मला माहीत होतं, तरी मी खांदा चोरला. मी ओरडलो. काय ओरडलो ते तुला लिहीत नाही. संपलं तेव्हा तोंड दुखत होतं, इतका हसत होतो.

मागे बघतो तर बाबा. प्रेमा म्हणाली की मी खेळत होतो तोवर प्रत्येक वळणाला त्यांचा पाय मातीत दाबला जात होता. ब्रेक लावत होते. मी उठलो आणि त्यांना बसा म्हटलं. नको नको म्हणत बसले. डाव्या कडेने, बैलगाडीसारखी चालवली. रांगेतली पोरं ओरडायला लागली, चाचा भगाव. बाबांनी मागे वळून सांगितलं की ज्याला घाई असेल त्याने आकाशपाळण्यात बसावं.

मग सरळ रस्ता लागला तसं त्यांनी पेडल दाबलं. का दाबलं ते मी विचारलं नाही. झाडं आली, वळण उघडलं, आणि आपटले. हात स्टिअरिंगवरच राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की तुला वेळच मिळाला नसणार रे. मी हो म्हटलं. बस, एवढंच. वर्षभरात पहिल्यांदा त्या दिवसाविषयी.

आई, मी परत येत नाही. शेठने नव्या खेळाच्या चाचणीला मला घेतलंय, प्रेमाने त्याला दुसरा पर्यायच ठेवला नाही. आणि वाकोल्याला एक गॅरेज आहे, तिथे स्कूटरला बाजूची दोन चाकं लावून हाताचा ब्रेक बसवून देतात. सोमवारी बघायला जातोय. तू रडशील, रागावशील, देवाला काहीतरी बोलशील. सगळं कर, पण मला थांबवू नकोस. बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय की गाडी आली की मागे पहिल्यांदा तेच बसणार, आणि पूर्ण वेळ डोळे उघडे ठेवणार.

तुझी माया आहे तशीच असू दे, फक्त काळजी थोडी कमी कर.

तुझा,
सहदेव