हरून दाखवा

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

फोनवर तू 'सगळं मजेत' म्हणून सुटतेस, म्हणून पत्र. कागदावर थापा मारायला तुला लहानपणापासून जमत नाही. गुडघा बरा आहे. डॉक्टरांनी अजून महिनाभर खुर्ची सोडायची नाही म्हणून बजावलंय, आणि खुर्चीत बसून माणूस करणार काय? तुझ्या कंपनीचा तो मोटार शर्यतीचा खेळ टॅबवर खेळते. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली, हळू चालवा म्हणून घसा कोरडा केला. आता स्वतः सुसाट सुटते.

पण एक गोष्ट खटकते. मी फार जिंकते. दोन शर्यती हरले की तिसरी हमखास माझी. परवा तिसऱ्या शर्यतीत मुद्दाम शेवटच्या रेषेच्या अलीकडे गाडी उभी केली, चष्मा पुसला, पाणी प्यायले. बाकीच्या सगळ्या गाड्या माझ्या मागे गुमान उभ्या. एकानेही हॉर्न दिला नाही. भिंगरे, थांबलेल्या गाडीमागे हॉर्न न वाजवता उभा राहणारा माणूस अजून जन्माला यायचाय. जाहिरातीत तर 'प्रत्येक स्पर्धक जिताजागता माणूस' असं छापलंय. खेळणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरं तूच देतेस ना? मग मलाही दे. कंपनीचं नको, भाचीचं दे.

लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर लवकर यावं.

तुझी
आत्या


९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचलं आणि चहा तसाच राहिला. माझ्या शेजारी बसणारा दाढीवाला खेळातल्या गाड्या कशा चालतील ते संगणकात लिहायचं काम करतो. त्याला विचारलं. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं, मग हसला. म्हणाला, लागोपाठ दोनदा हरलेला माणूस खेळ सोडून जातो, म्हणून तिसऱ्या वेळी त्याच्यासमोर खोटे चालक सोडायचे. गाडी संगणकच चालवतो, नावं बनावट, फोटो बनावट. त्यांना हुकूम एकच, काही झालं तरी पुढे जायचं नाही. कुणी जिंकायचं सोडून थांबेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

खेळाडूंनाही वास लागलाय. मागे 'चालूच ठेवू' असं सांगून कंपनीने जुना खेळ बंद केला, तेव्हापासून तिच्यावर कुणाचा काडीचा विश्वास नाही. माझ्यावर थोडा आहे, कारण उत्तरांखाली मी 'भिंगरी' अशीच सही करते आणि मला माहीत नसतं तेव्हा मी 'माहीत नाही' असंच लिहिते. म्हणून तर साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, शुक्रवारी भिंगरीच्या नावाने निवेदन जाऊ दे, सगळे चालक खरे आहेत म्हणून. मी म्हटलं, पण ते खरे नाहीत. ते म्हणाले, "तुला माहीत नव्हतं असं समज."

बाबा म्हणतात, गप्प बस आणि नोकरी सांभाळ. आत्या, मला हे काम आवडतं गं. माणसं मला त्यांची आजारपणं कळवतात, पोरांचे निकाल कळवतात. काय करू?

सध्या तुझ्या लोभावरच गाडी चालली आहे.

तुझी
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काय करू म्हणून विचारतेस, म्हणजे तुझं ठरलेलं आहे. बाबाचं पटलं असतं तर पत्र कशाला लिहिलं असतंस? त्याचं मनावर घेऊ नकोस. त्याला मीच गाडी शिकवली, अजून वळणावर डोळे मिटतो.

माझा राग ऐक. खोटं बोलल्याचा राग आहेच, पण त्याआधी मला जिंकवल्याचा आहे. मी कुणाला उगाच पास केलं नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. हरायला मी भीत नाही. कुणी माझी कीव करून मला पुढे सोडावं, हे मात्र मला खपत नाही.

नोकरी गेली तर माझ्याकडे खोली रिकामी आहे. आणि एक लक्षात ठेव, भिंगरी हे नाव तुला कंपनीने दिलेलं नाही, मी दिलंय. ते भाड्याने लावायचं नाही.

रागावलेल्या माणसाचाही लोभ असतो, तो घे.

आत्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कंपनीच्या पानावर लिहिलं. खोटे चालक आहेत, ते मुद्दाम हरतात, इतकंच. मी खुर्चीतून उठायच्या आत ते पुसलं गेलं, पण तोवर बऱ्याच जणांनी वाचलं होतं. दारावरच्या वॉचमनने माझं कार्ड काढून घेतलं आणि वर मलाच 'माफ करा' म्हणाला. साहेब म्हणाले, चूक कबूल कर, परत घेतो. मी नाही म्हटलं.

खरा घाव वेगळाच आहे. खेळाडूंचा माझ्यावर विश्वास बसला नाही. कुणी म्हणतं ही कंपनीचीच नवी चाल, कुणी म्हणतं काढून टाकली म्हणून चिखल उडवते. खरं बोलून खोटी ठरले, आत्या. रडले खूप. तरी पुन्हा वेळ आली तर हेच लिहीन.

लोभ आहे ना अजून?

तुझी
भिंगरी


२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तावातावाने उभी राहिले आणि गुडघ्याने बोंब ठोकली. मग बसले आणि खेळाडूंच्या आपसातल्या चर्चेत, जिथे कंपनीला काही पुसता येत नाही, तिथे लिहिलं: "भिंगरी माझी भाची आहे, तेव्हा माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कंपनीवर तर नकोच. आधी दोन शर्यती हरा. मग तिसरी हरून दाखवा."

अगं, गावजत्रा लोटावी तशी माणसं हरायला निघाली! एका बस ड्रायव्हरने सगळी शर्यत उलट्या गिअरमध्ये चालवली. एक नर्स गाडी उभी करून झोपून गेली. कुणीतरी गाडी खड्ड्यात घातली, तर खोट्या चालकांनीही पाठोपाठ उड्या टाकल्या. फोटोंचा नुसता पाऊस. तिसरी शर्यत एकालाही हरता आली नाही. शेवटी कंपनीने कबूल केलं आणि खोटे चालक काढले.

तुझ्याबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढलेला नाही, नोकरीचंही नाव नाही. ते गोड करून सांगत नाही. पण ज्यांनी तुला खोटी ठरवलं, ते आता रोज मला विचारतात की भिंगरी कुठे आहे. परत लिहिणार का? मी सांगितलंय, तिला विचारा.

काल दिवसभर हरले. सडकून हरले. इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

सामान बांध आणि ये. दोघी समोरासमोर बसू, शर्यत लावू. लोभ हवा तेवढा घे, पण जिंकू देणार नाही.

तुझी
आत्या