पुलाचा प्रश्न पुकारला तवा

नागपूर, डिसेंबर १९९७

तीर्थरूप आबांना थोरली सून सारजाचा नागपुरावरनं नमस्कार.

मी सुखरूप हाय. हितं थंडी लई, पण तुमची घोंगडी आणली ते बरं झालं. आत्याबाईंचा खोकला कमी हाय का?

काल आमदारसाहेबांनी पास दिला अन् मी विधानसभेत वर गॅलरीत बसले. आपल्या ओढ्यावरच्या पुलाचा प्रश्न साहेबांच्याच नावावर होता. पण त्यांचा पक्ष विरोधातला. मंत्र्याचा राजीनामा मागत समदे पुढं उतरून घोषणा देत होते. अध्यक्षांनी प्रश्न पुकारला, साहेबांचं नाव दोनदा घेतलं. साहेब पाठमोरे वरडत होते, त्यांना ऐकूच गेलं न्हाय. मग सभागृह तहकूब झालं.

बाहेर मी विचारलं, "साहेब, आपला पूल?"

"ताई, पक्षाचा आदेश हाय. हे सरकारवाले विरोधात होते तवा त्यांनी काय येगळं केलं?"

शेजारी सरकारच्या बाजूचे एक आमदार होते. ते म्हणाले, "उत्तर तयार होतं, बाई. विचारणाराच न्हवता."

मग ते दोघंच भांडत ऱ्हायले. माझ्याकडं कुणी बघंना.

आबा, हे वाचून तुमी अन् मल्हारभावजी पुन्हा पक्षावरनं जुंपून घेऊ नका. गेल्या पावसात ओढा उतरंना, भावजींच्या रोहिणीला अंथुर्ण्याच्या दवाखान्यात नेता आलं न्हाय अन् तिचं बाळ गेलं. आता परत तिचे दिवस ऐन पावसाळ्यात भरत्यात. पूल काय तवर हुत न्हाय. मिरगाच्या आत तिला बारामतीला तिच्या आईकडं पोचवा. मी सरपंच असून मला एवढंच सांगता येतंय.

तुमची,
सारजा