ओटीत घातलेला लिलीचा कांदा

आये,

वहिनीवर माझा पहिल्यापासून संशय होता, हे तुला माहीत होतं. तुझा तर सगळ्यांवरच होता. दूधवाला पाणी घालतो, शेजारच्या गोडाऊनचा वॉचमन कुंपण हळूहळू आपल्या जागेत सरकवतो, आणि लिलीचे कांदे चोरायला तर अख्खं अंजूर गाव टपलेलं. डाइंगवाल्याकडचं निळं पिंप अर्धं कापून, बुडाला भोकं पाडून तू त्यात फुटबॉल लिली लावली होतीस. पावसाळाभर हिरवी पानं असायची, थंडीत ती पिवळी पडून गळायची आणि पिंपात नुसती कोरडी माती दिसायची. मग मे महिन्यात त्या मातीतून सरळ दांडा वर यायचा आणि त्याच्या टोकाला लालभडक गोळा फुलायचा. दरवर्षी एखादा कांदा गायब व्हायचाच. तू दारात उभी राहून आळीला ऐकू जाईल अशी ओरडायचीस, "कोनी नेला गो माजा कांदा? हात झडो मेल्याचा!" दादाचं लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी वहिनीने मोरीमागे ठेवलेल्या रंगाच्या रिकाम्या डब्यांत तसेच लाल गोळे डोलायला लागले. मी तुला ते बोटाने दाखवलं, तर तू म्हणालीस, "गप ऱ्हा." तू सुनेला घाबरतेस, असा मी अर्थ काढला.

माझं लग्न झालं. भिवंडीत जायला निघाले तेव्हा ओटी भरताना तू तांदूळ-नारळाबरोबर एक कांदा घातलास, मातीसकट. सांगितलंस, कांद्याची मान मातीवर ठेव, कुंडी लहान घे, पानं गळाली की पाणी बंद कर आणि उकरू नको. मी तो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत लावला. पानं आली, फूल आलं नाही. पुढच्या वर्षीही तेच. मग मला आठवलं की ओटीचं ताट वहिनीच्या हातात होतं. तिने चांगला कांदा काढून मरतुकडा ठेवला नसेल कशावरून? थंडीत कुंडी रिकामी दिसली की मला राहवायचं नाही. कामवालीने उपटून नेला की काय, म्हणून मी उकरून बघायचे. कांदा असायचा. पुन्हा पुरायचे, वर तांब्याभर पाणी घालायचे. तू मे महिन्यात गेलीस. तेराव्याला आले तेव्हा मोरीमागे वहिनीची लिली भरभरून फुललेली होती, आणि मी ताट अर्धं टाकून उठले. त्या पावसाळ्यात माझा कांदा कुजला. पुढे माझं अंजूरला जाणं राखीपुरतं उरलं, नंतर राखीही कुरिअरने जाऊ लागली. इमारतीतल्या बायका विचारायच्या, एवढं जवळ माहेर, जात नाही का? मी म्हणायचे, आई गेली की माहेर कसलं. हे बोलून झालं की फार वाईट वाटायचं, कारण तुझ्यामागे माझं माहेर म्हणजे वहिनीच होती, आणि ती तर माझ्या लेखी चोर.

यंदा माघात तिचा फोन आला. दादा अंगणात लाद्या बसवतोय, पिंप हलवायचंय. "कांदा हवा आसंल तर या वन्सं, मग म्हनू नका सांगितलं न्हाय." मला वाटलं, कसलीतरी सही हवी असणार. जमिनीला भाव आला की बहिणींना अशी बोलावणी येतात. मी चष्मा मुद्दाम घरी ठेवला, म्हणजे दिसत नाही म्हणता येईल. स्वयंपाकघरात तिने चहा ठेवला. मी कपाटाकडे, टेबलाकडे बघतेय, कागद कुठून निघतो ते. कागद काही निघेना. मग माझ्याच्याने धीर धरवेना आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तोंडातून निघालंच, "वहिनी, तू आयेचे कांदे चोरायचीस."

"चोरायचेच की," ती चहा गाळत म्हणाली. "त्यांनीच सांगितलं व्हतं. मागून नेलेला लागत न्हाय, चोरून नेलेला लागतो. मी नेला का त्या आरडायच्या. आरडल्याबिगर चोरी पुरी व्हत न्हाय."

"मग मला ओटीत का घातला? लागू नये म्हणून?"

"तुमी लेक. लेकीनं आपल्याच घरात चोरी कशाला करायची, तिचा हक्काचा हाय, म्हनाल्या. मीच तर काढला व्हता. पिंपातला सगल्यात मोठा." तिने माझ्याकडे बघितलं. "का? फुलला न्हाय?"

"जागा बदलली की रुसतात," मी म्हणाले. उकरण्याचं सांगितलं नाही.

खरं सांगायचं तर मला लगेच पटलंही नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. पण वहिनी उठली. "आता आंगन माजं हाय," ती म्हणाली, "मी काय हातानं देनार न्हाय. मला भांडी घासायचीत. तासभर मागं बघायला फुरसत न्हाय." आणि मोरीत जाऊन तिने नळ सोडला. मी अंगणात आले. पिंपात खुरपं खोचून ठेवलेलं होतं, एका कडेची माती आधीच मोकळी केलेली. मी इकडंतिकडं बघितलं, कांदा काढला, पदरात गुंडाळला आणि निरोपही न घेता नाक्यापर्यंत जवळजवळ पळत गेले. या वयात! रिक्षात बसतेय तोच मागून आवाज आला. वहिनी दारात उभी राहून आळीला ऐकवत होती, "कोनी नेला गो माजा कांदा? हात झडो मेल्याचा!" तुझाच सूर, आये. तोच हेल. मी रिक्षात ढसाढसा रडले. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "क्या हुआ दीदी, कुछ चोरी हो गया क्या?" मी म्हटलं, "हां भैया, मेरे मायके में."

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्न नाही, आणि असता तरी आमचा पोस्टमन उघडून वाचतो असा माझा संशय आहे. म्हणून ते डाळीच्या डब्याखाली ठेवणार. कांदा लहान कुंडीत लावलाय, मान मातीवर ठेवलीय, पाणी बंद. वैशाख लागला. वहिनी दोन दिवसांआड फोन करते, कुंडीचं चुकूनही विचारत नाही, नुसतं जेवलात का विचारते. मीही काही सांगत नाही. पण तुला सांगते. आज सकाळी मातीत बोट घातलं. थोडंसंच. कोंब लागला.