डिकीतली व्यवस्था

४ मार्च, सोमवार

चाक नाही! नव्या कोऱ्या गाडीत स्टेपनीच नाही!

ड्रायव्हिंग क्लासची नवी तुकडी आज सुरू झाली. पाच बायका आणि एक निवृत्त पोस्टमन. सव्वीस वर्षं माझा पहिला धडा एकच — स्टिअरिंगला हात लावायच्या आधी चाक बदलायला शिका. ज्याला चाक बदलता येत नाही त्याने रस्त्यावर येऊ नये, हे माझं ठरलेलं वाक्य. ते ऐटीत म्हणून झालं, डिकी उघडली, गालिचा उचलला. खाली गोल खड्डा. खड्ड्यात थर्माकोल, आणि त्यात खोकल्याच्या औषधासारखी एक बाटली आणि हवा भरायचा एवढासा पंप.

पोस्टमन म्हणाले, "बाई, पाकीट आलंय, आत पत्र नाही!" सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार? मग धडा फळ्यावर घेतला. चाक बदलणं — फळ्यावर!

नऊ दिवस गाडी दारात उभी आहे आणि मी गालिचा उचलून पाहिला नाही. दुसऱ्या कुणाकडून घेतली असती तर नटसुद्धा मोजून घेतले असते. पण विकणारा आपलाच जावई. त्याने दिलेली गाडी तपासायची म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवायचा. म्हणून नाही पाहिलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

५ मार्च, मंगळवार

जावईबापूंना फोन केला. आवाज शांत ठेवला, म्हणजे मला वाटतं ठेवला.

"मी शोरूममध्येच विचारलं होतं तुम्हाला, स्टेपनी आहे ना म्हणून?"

"हो, आई."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मागे व्यवस्था आहे, असं म्हणालो."

व्यवस्था! पाहुण्याला 'झोपायची व्यवस्था आहे' म्हटलं तर तो गादी समजतो, उशीचा अभ्रा नाही! मग त्यांनी समजावून सांगितलं. आता नव्या गाड्यांत देतच नाहीत, वजन कमी होतं, सामानाला जागा होते, बाटलीतलं औषध टायरमध्ये सोडलं की भोक बुजतं. "आजकाल कुणी चाक बदलत नाही, आई." कुणी नाही? मग मी सव्वीस वर्षं शिकवते ते कुणाला?

बरं, नाही देत तर नाही देत. पण हे आधी का नाही सांगितलं? यावर नुसतं पुटपुटले, "चुकलं माझं." फोन आपटावासा वाटला. मोबाइल आपटताही येत नाही.

६ मार्च, बुधवार

टायरवाल्याकडे जाऊन आले. वेगळं चाक मिळेल, पण खड्डा उथळ आहे, बसणार नाही. "मागच्या सीटवर ठेवून फिरा, बाई." हो, पट्टा लावून!

९ मार्च, शनिवार

लेक आली होती. दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून थकलेली असते, तरी सगळं तिच्यापुढे ओतलं. म्हटलं, तुझ्या नवऱ्याने माझा केसाने गळा कापला. ती कप उचलून सिंककडे गेली. मग मी आणखी बोलले. "एका चाकाबद्दल जो लपवतो तो तुझ्यापासून काय काय लपवत असेल? बघ एकदा डोळे उघडून."

ती पाठमोरी कप विसळत होती. "बघते," म्हणाली.

बिचारी! तिला लागलं असेल, पण कुणीतरी बोलायला हवंच ना. मला चाकाचं दुःख नाही. या लग्नाला आमच्याकडचे सगळे नाही म्हणत होते. 'विक्रीतला माणूस, गोड बोलतो,' म्हणत होते. एकटी मी म्हणाले, मुलगा सरळ आहे. आता त्या सगळ्यांची तोंडं दिसतात.

१४ मार्च, गुरुवार



मागच्या तुकडीतल्या, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईंची आज परीक्षा होती. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं काम त्यांना मिळणार होतं, पण महिनाअखेरीच्या आत परवाना हवा. तीन महिने घासलं त्यांना. परीक्षेच्या मैदानाकडे जाताना वळणावर फुटपाथची धार टायरच्या कुशीला, बाजूच्या रबराला, लागली. टायर फाटला, बोटभर!

बाटली काढली. पंप लावला. पांढरा फेस एका बाजूने आत आणि फाटलेल्या बाजूने सगळा रस्त्यावर. बाटलीवरच बारीक अक्षरात लिहिलंय, कुशीच्या फाटीवर उपयोग नाही.

त्या म्हणाल्या, "मला बदलता येतं, बाई. दहा मिनिटांत बदलते. चाक कुठाय?"

टोचन गाडी दीड तासाने आली. तोवर परीक्षा संपली होती. पुढची तारीख मे महिन्यातली! काम दुसरीला जाणार. फुटपाथवर बसून रडल्या त्या. मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ मार्च, शुक्रवार

शोरूमच्या मालकांना तक्रार लिहिली. दोन पानं. जावयाचं नाव घालून. घरचा म्हणून आणखी किती झाकायचं?

संध्याकाळी लेक आली तेव्हा तिच्या हातात दिली. वाचून तरी बघू दे, मागाहून कळायला नको. तिने पर्समधून लाल पेन काढलं — हाताला सवयच ती! 'फसवणुक'चा णु दीर्घ केला. दोन अनुस्वार दिले. 'जाणूनबुजून' या शब्दावर पेन बराच वेळ थांबलं. शब्द बरोबर होता. पुढे गेली.

"खरंच देणार आहेस?"

"देणार."

"बरं," म्हणाली आणि पेन बंद केलं. गुणाची पोर. नवऱ्याची बाजू घेऊन भांडली नाही.

१८ मार्च, सोमवार

दिली. मालक फिरतीवर आहेत, मॅनेजरने वाचली. मग जावईबापूंना माझ्यासमोरच बोलावलं. हे मला अपेक्षित नव्हतं.

"स्टेपनी नाही हे ग्राहकाला का सांगितलं नाहीस?"

ते फरशीकडे बघत होते. "माझी चूक आहे, सर."

"विसरलास की मुद्दाम?"

"माझी चूक आहे."

बस्स, तेवढंच! ना कारण, ना सबब. मला वाटलं, कोडगाच आहे. बाहेर पडताना काचेचं दार त्यांनीच उघडून धरलं. "आई, टायर दुसरा घातला ना?" मी तशीच पुढे निघाले. तोंड उघडलं असतं तर तिथेच तमाशा झाला असता.

२० मार्च, बुधवार

त्यांना विक्रीवरून काढलं. मागच्या आवारात, गाड्या धुऊन उभ्या करायच्या कामावर घातलंय. लेकीने फोनवर सांगितलं, दोन वाक्यांत.

बरं झालं. जशास तसं.

वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. तितकंसं बरं वाटत नाहीये. नऊ वर्षं सूट घालून उभा असायचा तिथे. पण मग त्या प्रयोगशाळेतल्या बाईंचं काय?

२३ मार्च, शनिवार

लेक आली. आत आलीच नाही, दारातच उभी राहिली.

"आई, तो तुला सांगणार होता. मीच नको म्हटलं. त्या महिन्यात त्याच्या विक्रीच्या आकड्यात एक गाडी कमी पडत होती, आणि स्टेपनी नाही म्हटल्यावर तू घेतली नसतीस."

म्हटलं, "मग इतके दिवस मला का नाही बोललीस?"

"तुझी भीती वाटते, आई. लहानपणापासून."

तिला माझी भीती वाटते, हे त्याला माहीत होतं. मला नव्हतं.