ओढ्याच्या खालचं पाणी

सोलापूर,
१८ जानेवारी २०२५

प्रिय प्रतिक्षा,

सप्रेम जय भीम. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण आवाज खणखणीत आहे. मछलीपट्टणला भाकरी मिळते का गं, की नुसता भातच?

पोरी, तुमच्या प्रयोगशाळेत समुद्रात विरघळलेलं लोखंड मोजता येतं हे तू सांगितल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा तुझ्या समुद्राला, एवढं कळलं. पण सांगोल्याच्या रस्त्यावर धूळ उडाली की वाटतं, यातली चिमूटभर वाऱ्यानं तिकडे जात असेल का? मग वाऱ्यानं नेलेलं कोणतं आणि माणसानं सोडलेलं कोणतं, हे तू कसं ओळखतेस? बावीस वर्षं लोखंडात काढली, पण समुद्रातल्या बारीक शेवाळाला ते खायला लागतं हे ठाऊक नव्हतं. अति झालं तर काय होतं, तेही लिही.

परवा फोनवर तू खुशीत होतीस. "बाबा, कारखान्यांचा ओढा सीनेला मिळतो, त्याच्या वरचं आणि खालचं पाणी सारखंच निघालं! तिथल्या कारखान्यांमुळे फरकच पडत नाही. अहवालात तसंच लिहितेय." मी "छान" म्हणालो.

तुला पाठवायच्या बाटल्या भरताना तू सांगितलंस तसं सगळं केलं होतं. पाण्याला धातू लागू नये म्हणून हातमोजे घातले, घड्याळ काढून ठेवलं, साखळीऐवजी सुती दोरी घेतली. फक्त दोन्ही बाटल्या ओढ्याच्या वरच्याच बाजूला भरल्या आणि एकीवर 'खाली' असं लिहिलं.

आमच्या कारखान्यात सळ्यांचा गंज काढायला त्या ॲसिडमध्ये बुडवतात. ते तांबडं पाणी टाकीत साठवून साफ करायचं असतं. टाकी भरली की सुपरवायझर नुसती मान हलवतो आणि ओढ्याकडचा व्हॉल्व्ह मी उघडतो. मीच, दुसरं कुणी नाही. त्या पाण्यातल्या लोखंडाचा आकडा तुझ्या हातात पडेल याची मला लाज वाटली.

काल तुझ्या आईला सांगितलं. ती कडाडली, "पोरगी खोटं न्हाय बोलायची, तुमी बोलायला लावताय तिला. आदी कळवा की!"

आज सकाळी ओढ्याच्या खाली उतरून खरी बाटली भरली. या खोक्यात तीच आहे. तळाला तांबूस गाळ बसलाय. जुना आकडा खोडून टाक. माझी नोकरी दीड वर्ष उरली आहे, त्याचा विचार तू करू नकोस. हवं तेवढं चीड, पण नवा आकडा किती आला ते मला कळव. मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि हे पाणी सोडतं कोण असं कुणी विचारलं, तर 'एक कामगार' असं लिहू नकोस. पूर्ण नाव लिही.

तुझे बाबा,
जालिंदर नामदेव बनसोडे