नऊ इंच पायरी आणि तुमचं तेलंगण

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार

श्री. नानासाहेब साडूभाऊ यांस आप्पासाहेबाचा नमस्कार. करायचा असतो म्हणून केलाय, राग गेला असं समजू नका. इकडं सर्व क्षेम आहे, म्हणजे काहीच क्षेम नाही, ते पुढं येईलच. आशाबाईंच्या ऑपरेशनला आता महिना होत आला. टाके सुकले का, भाकर जाते का, झोप लागते का, हे सविस्तर कळवा. तुमची तब्येत कशी आहे ते नाही कळवलं तरी चालेल. (सरूबाई शेजारी बसून म्हणती, असं लिहू नका. लिहिलं. ती तुमच्या बायकोची थोरली बहीण असली तरी पत्र माझं आहे.) फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही मधीच बोलता. पत्रात माणसाला मधी बोलता येत नाही, म्हणून दोन वर्षांनी तोंड उघडायचं तर कागदावर उघडावं असं मी ठरवलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीला तुम्ही जेवायला बसून काय बोललात ते मी विसरलेलो नाही. पानात जिलेबी, समोर आमचे चाळीस पाव्हणे, आणि तुम्ही म्हणालात की हैदराबादहून येताना देगलूर लागलं की झोपलेल्या माणसालाही कळतं महाराष्ट्र आला, कारण डोकं टपाला आपटतं. चाळीस माणसं हसली. त्यात माझा सख्खा भाऊ होता. मी भरल्या ताटावरून उठलो ते उगीच नाही! अहो, तुम्ही कोण? वैजापूरचे. तुमची नाळ महाराष्ट्रात पुरली, मुंज्याचा नैवेद्य अजून वैजापुरात दाखवता, आणि कंपनीच्या नोकरीपायी तीस वर्षं तिकडं काढली म्हणून एकदम तेलंगणाचे वकील? पोलीस ॲक्शनपर्यंत तुमचा आजा आणि माझा आजा एकाच निजामाची रयत होते, माझ्या शेताचे जुने कागद अजून उर्दूत आहेत. तुमच्या त्या हैदराबादेत जे काय उंच-उंच दिसतं ना, त्यात आमच्या ज्वारीचा वाटा आहे, हे तिथल्या लोकांना एकदा सांगा. 'हौ' आणि 'नक्को' म्हणायला शिकलं की माणूस मोठा होत नाही. (आमच्या औरंगपुऱ्यातही म्हणतात, पण आम्ही त्याचा तोरा मिरवत नाही.)

असो. मुद्द्यावर येतो. मुद्दा सरूबाईच्या गुडघ्यांचा आहे.

आशाबाईंचं ऑपरेशन ठरल्यापासून सरूबाईनं एक पिशवी भरून दारामागं ठेवली. कारळाची चटणी, ज्वारीचं पीठ, मेथीचे लाडू आणि तुमच्यासाठी भोकराचं लोणचं की काय ते. (माझा विरोध होता.) बहिणीला दोन वर्षं बघितलं नाही, मला एकदा तिच्याजवळ नेऊन बसवा, एवढं एकच तिचं मागणं. आता रेल्वेच्या डब्याला पायऱ्या नसतात, शिडी असते. ती तिला होत नाही. आणि आमची गाडी उंच. ही गाडी घेताना ती म्हणाली होती, बुटकी घ्या. पण आमच्या गल्लीत कारभारी म्हणून एक नगरसेवक व्हायला निघालेला गडी राहतो, त्याची गाडी उंच, मग माझी बुटकी कशी चालेल? घेतली उंच. पहिल्या दिवशी सरूबाईला आत चढवायला मला आणि शेजारच्या आवडाबाईंना मिळून मागून ढकलावं लागलं. त्या दिवसापासून ती गाडीकडं बघतसुद्धा नव्हती.

मग मी फकिराला गाठलं. फकिरा आमचा वेल्डिंगवाला, हात असा की तुटलेला नांगर सांधून देतो. त्याला म्हणालो, बाबा, पायरी कर. त्यानं जुन्या ट्रॉलीची फळी कापली, कोन लावले, वर चौकड्यांची जाळी मारली आणि दाराखाली नऊ इंच बाहेर येणारी पायरी जोडली. धरायला आतून एक दांडा. एवढी मजबूत की फकिरानं स्वतः तिच्यावर नाचून दाखवलं. आणि काम चालूच आहे तर म्हणालो, ती नंबरची पाटीही काढ, आणि एम एच २० सकट सगळा नंबर मराठीत रंगव, भगव्या किनारीसह. आपण महाराष्ट्रात राहतो, चोरी नाही करत! पाटी अशी झाली की लांबून येणाऱ्यानं आधी जय म्हणावं.

सरूबाई त्या पायरीवरून चढली. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही, पदर सावरून एक पाय, दुसरा पाय, बसली. आणि बसल्यावर लहान पोरीसारखी हसली. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. म्हणाली, आशीला बांगड्या घेऊ. म्हणून गेलो औरंगपुऱ्यात. ती गल्ली तुम्हाला माहीत आहे, तिथं दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं दुकानात शिरावं लागतं. तिथं आमच्या पायरीत केळ्याची एक हातगाडी अडकली आणि चांगली पन्नास पावलं आमच्याबरोबर चालत आली. मला पत्ताच नाही. मला वाटलं लोक पाटी बघून ओरडतायत, म्हणून मी हात दाखवून सगळ्यांना नमस्कार करत चाललो होतो.

चौकात ट्रॅफिकच्या एका पोरीनं अडवलं. पोलीस म्हणजे अशी, माझ्या पुतणीच्या वयाची. तिनं आधी केळीवाल्याची गाडी सोडवली, मला त्याची माफी मागायला लावली (मागितली), मग टेपनं पायरी मोजली. म्हणाली, काका, गाडीच्या कागदावर जे नाही ते गाडीला जोडता येत नाही. मी म्हणालो, बाई, हे शौक नाही, हे गुडघे आहेत! ती म्हणाली, काका, त्या केळीवाल्यालाही गुडघे आहेत. मग गेली मागं आणि पाटी बघितली. इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे नसतील तर तोही दंड. नानासाहेब, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. महाराष्ट्रात, मराठी माणसानं, मराठी आकडा लिहिला म्हणून दंड! मी चौकात उभा राहून भाषण केलं. माणसं जमली. ती पोरगी शांतपणे म्हणाली, काका, दंडाचा मेसेज मराठीतच येईल, काळजी करू नका.

आणि तेवढ्यात कोण गेलं असेल? कारभारी. काचांना काळी फिल्म, पुढं रेड्यासारखा लोखंडी बंपर, टपावर लग्नाच्या मांडवात लावतात तेवढे दिवे, आणि हॉर्न असा की शेजारच्या म्हशीचं दूध आटावं. त्या पोरीनं शिट्टी मारली, हात केला, तो थांबला नाही. मी थांबलो म्हणून मला दंड! जो थांबतो त्याच्यासाठी कायदा, ही कुठली रीत? (हे तुम्ही तिकडं कुणाला सांगू नका. घरातलं आहे.) जाताना ती पोरगी सरूबाईच्या खिडकीशी वाकली आणि म्हणाली, मावशी, डिक्कीत एक स्टूल ठेवा की. काढायचं, ठेवायचं, चढायचं. स्टूल काय गाडीला चिकटवलेलं नसतं, त्याला कुठला कायदा नाही. मी गाडी सुरू केली. स्टूल म्हणे!

मी तीस वर्षं ग्रामसेवक होतो. मला अर्ज कसा करावा हे कुणी शिकवू नये. पायरीची रीतसर परवानगी काढायला गाड्यांच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबानं सांगितलं, दिव्यांग माणसासाठी गाडीत बदल करता येतो, पण तसं प्रमाणपत्र आणा. आणतो म्हणालो. एका मोठ्या दवाखान्यात (नाव लिहीत नाही) सरूबाईला नेलं. तपासणी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आता पायऱ्या चढता येत नाहीत हे सांगायला बायको तीन मजले चढली. प्रत्येक मजल्यावर बसली, पाणी प्याली, मला शिव्या दिल्या, परत चढली. दीड तास. वर डॉक्टरनं विचारलं, आलात कशा? हिनं खरं सांगितलं, चढून आले. (ही बाई देवाघरीसुद्धा खरंच सांगणार.) झालं! त्यांनी गुडघे वाकवून बघितले, काहीबाही लिहिलं, आणि म्हणाले दिव्यांगपण चाळीस टक्के भरत नाही. अहो, आमच्या काळात पस्तीस टक्क्याला मॅट्रिक सुटत होती, आणि गुडघ्याला चाळीस लागतात?

परत त्या ऑफिसात गेलो तर खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, नियमात बसत नाही. मी भांडायला तोंड उघडलं आणि अर्जाची घडी करून खिशात घातली. कारण हे वाक्य माझं आहे. याच आवाजात, अशीच मान खाली घालून, मी ते तीस वर्षं बोललो. खुलताबादेकडं नोकरीला असताना साळूबाई नावाची एक म्हातारी रहिवासी दाखल्याला यायची. घर गावठाणाच्या रेघेच्या दहा पावलं पलीकडं. मी तिला तीनदा परत धाडली. चौथ्यांदा ती आली नाही, तेव्हा मी बरं झालं म्हणून चहा मागवला होता. आता मात्र खिडकीसमोर उभं राहून मला तिची काठी आठवली. हे सरूबाईला सांगितलेलं नाही, आणि तुम्ही याचं तुमच्या सवयीप्रमाणे चारचौघांत भांडवल केलंत तर याद राखा.

पायरी फकिरानं शुक्रवारी कापून काढली. कंपनीची पाटी परत लागली. सरूबाई काही बोलली नाही. तीच मोठी पंचाईत, बोलली असती तर मी भांडलो असतो. पिशवीतले लाडू काढून तिनं आवडाबाईंच्या नातवंडांना वाटले, लवकर खराब होतात म्हणाली, आणि पिशवी परत दारामागं ठेवली. नुसत्या चटणी-पीठ-लोणच्याची पिशवी. येता-जाता माझ्या पायाला लागते.

आणि त्या स्टुलाचं म्हणाल, तर ते ठेवणार कोण? गाडी चालवणार मी. म्हणजे मी उतरायचं, गाडीला वळसा घालायचा, डिक्कीतून प्लास्टिकचं लाल स्टूल काढायचं, भर रस्त्यात बायकोच्या पायाशी वाकून ते ठेवायचं, वर हलू नये म्हणून एका हातानं धरायचं आणि दुसऱ्या हातानं तिला! ज्या माणसाला बसायला अख्ख्या गावानं खुर्च्या उचलून आणल्या त्यानं? कारभारी बघेल. गल्ली बघेल. पाव्हणे बघतील. नाही जमायचं.

तरीपण एक लक्षात ठेवा, वर लिहिलेल्या कशानंही महाराष्ट्र लहान होत नाही. कायदा पाळणारी पोरगी महाराष्ट्राची, नांगर सांधणारा फकिरा महाराष्ट्राचा, आणि तीन मजले चढून खरं बोलणारी बाई तर कुठल्याच राज्यात मिळायची नाही. तिची धाकटी बहीण तुमच्या नशिबी आली म्हणून तुमचं तिथं बरं चाललंय. आशाबाईंना आशीर्वाद. तुम्हाला जेवढ्यास तेवढं.

आपला,
आप्पासाहेब

ता. क. तेलंगणात पायरी चालते का, आणि चालत असेल तर गाडी तुमच्या पत्त्यावर नोंदवता येईल का, असं विचारणार होतो. पण त्या ऑफिसातल्या साहेबानं सांगितलं की हा कायदा दिल्लीचा, सगळ्या राज्यांना सारखाच. म्हणजे तुम्हीही आमच्याइतकेच अडकलेले. वाद बरोबरीत सुटला असं मी धरतो.

ता. क. २. रविवारी चारच्या सुमाराला आम्ही दोघं तुमच्या दारात येतोय. एकच विनंती आहे आणि हे सगळं पत्र त्यासाठीच लिहिलंय. गाडीचा आवाज आला की फाटकावर येऊ नका. शेजाऱ्यांनाही येऊ देऊ नका. पाच मिनिटं सगळे घरात थांबा, पडदे ओढा. सरूबाई उतरून उभी राहिली, डिक्की बंद झाली, की मी हॉर्न देईन. मग या.

ता. क. ३. नानासाहेब, मी सरू. ह्यांनी पत्र चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून लिहिते. ह्यांचं काही ऐकू नका. चार दिवस झाले, दुपारी गल्ली निजली की अंगणात ह्यांची तालीम चालू आहे. स्टूल ठेवतात, एक गुडघा टेकून धरतात आणि मला हात देतात. लग्नात भटजींनी सांगितलं म्हणून धरला होता, त्यानंतर हा हात आत्ताच. तुम्ही सगळे फाटकावरच उभे राहा. आशीला उन्हात उभी करू नका, खुर्ची टाकून बसवा. तिला नीट दिसलं पाहिजे.